मुंबईचा चंद्र, जानकीपुरमची गच्ची

८ नोव्हेंबर, शनिवार. संकष्टी

आज आमच्याच गच्चीवर एका पोरीनं मला वेळ शिकवली. रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला. वर हसतहसत, म्हणजे रागवायचीही सोय नाही.

पोरीचं नाव अनघा. दसऱ्याच्या सुमारास इथे लखनौत, आमच्या जानकीपुरमच्या औषध संशोधनाच्या कॅम्पसमध्ये रुजू झाली आणि लगेच आमच्या मराठी मंडळात आली. वडील तेल कंपनीत, त्यामुळे लहानपण सगळं आसामात. मराठी नीट बोलते, पण कुणापुढे काय बोलावं याचा पोच नाही.

आमची रीत जुनी आहे. दर संकष्टीला जमतील तेवढी मराठी घरं माझ्या गच्चीवर येतात. आरती होते, चंद्रोदय झाला की बायका अर्घ्य देतात, नैवेद्य दाखवतात आणि उपास सोडतात. चंद्रोदयाची वेळ सकाळी ग्रुपवर मी टाकतो. सचिव म्हणून ते माझं काम. वेळ कॅलेंडरातली. कॅलेंडरांचा गठ्ठाही दर दिवाळीत मीच मिरजेहून मागवतो आणि घरोघरी वाटतो. इतक्या वर्षांत कुणी हूं की चूं केलं नाही.

आज पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला तशी ही बाई उठली. "काका, हा काय आला. चला."

मी म्हटलं, "अजून अर्ध्या तासाच्या वर आहे."

"ती वेळ मुंबईची आहे काका. आपण केवढे पूर्वेला. इथे आधी उगवतो."

मला माहीत नाही का? मिरजेहून बदली होऊन लखनौला आलो त्या पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं. पण रीत म्हणजे रीत. मी तसं सांगितलं आणि सगळे गुपचूप थांबले. अनघाही थांबली, मात्र चंद्राकडे तोंड करून.

मला ॲसिडिटी, त्यामुळे मी उपास करत नाही. साडेसातला वरणभात खाऊन घेतो. माझ्या बायकोनं, मधुमतीनं मात्र दुपारचा चहासुद्धा घेतला नव्हता. पानं वाढताना तिचे हात थरथरत होते. थंडी सुरू झाली आता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मधुमतीला घेऊन हजरतगंजला डॉक्टरकडे. साखर वाढली आहे, गोळी बदलली. डॉक्टर म्हणाला, "भाभीजी, यह दवा खाकर ज़्यादा देर ख़ाली पेट मत रहिएगा. व्रत-उपवास अब छोड़िए."

मधुमतीनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा फोनवर होतो. अनघानं ग्रुपवर लांबलचक टाकलं होतं, की देशाला दोन वेळा हव्यात, पूर्वेकडच्या लोकांवर अन्याय होतो वगैरे. त्याला मुद्देसूद उत्तर लिहीत होतो. "बघू," म्हटलं. डॉक्टर लोकांना काय, सांगायला काय जातं.

उत्तर चांगलं उतरलं. सुबोधनं, आमच्या अध्यक्षांनी, पसंतीचा अंगठा टाकला.

७ डिसेंबर, रविवार. संकष्टी

जिंकलो.

सभा आज आमच्या दिवाणखान्यात, आरतीच्या आधी. विषय मीच दोन ठेवले: देशाची वेळ एक असावी की दोन, आणि मंडळानं संकष्टीला कुठला चंद्रोदय धरावा. दोन्ही एकाच बैठकीत घेणं ही माझी हुशारी. पहिल्यात लोक माझ्या बाजूला आले की दुसऱ्यात आपसूक येणार.

अनघा उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडे डिसेंबरात साडेचारला अंधारायला लागायचं. शाळेतून येईपर्यंत रात्र. आणि उन्हाळ्यात चारला लख्ख उजेड, पण ऑफिसं उघडणार दहाला. कंटाळून चहाच्या मळ्यांनी आपलं घड्याळ तासभर पुढे लावलंय, इंग्रजांच्या काळापासून. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही."

मी म्हटलं, "एकेरी लाइन आहे, समोरासमोर दोन गाड्या, एका स्टेशनमास्तरचं घड्याळ एक सांगतं आणि दुसऱ्याचं दुसरं. पुढचं सांगायला नको." टाळ्या पडल्या. त्या भरात मी जास्तीची माहितीही दिली, की देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावलंय ती मिर्झापूरजवळून जाते, इथून गाडीनं पाच-सहा तास.

"मग काय काका," ती म्हणाली, "देशाचं घड्याळ आपल्या दाराशी, आणि आपण चंद्र मुंबईहून मागवतो."

लोक हसले. माझे कान तापले. मग मी मनापासून बोललो. म्हटलं, आपण परमुलखात आहोत. पोरं आपल्याला हिंदीत उत्तरं देतात. घरात तुरीची अरहर झाली, सुनांबरोबर करवा चौथ आली. माझी बहीण मिरजेत ज्या क्षणाला नैवेद्य दाखवते त्याच क्षणाला इथे आपण दाखवतो, एवढा एकच धागा उरलाय. तोही तोडायचा का?

दोघीतिघींनी डोळे पुसले. हात वर झाले ते कॅलेंडराच्या बाजूनं. मधुमतीनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग हात वर केला, सगळ्यांच्या शेवटी. पण केला.

नंतर एक गंमत. मंडळी गच्चीवर गेल्यावर मी पाणी प्यायला आत आलो, तर मधुमती ओट्याशी उभी राहून गुळाचा खडा तोंडात टाकत होती. मी म्हटलं, "वा, सचिवाच्या घरातच चोरी?" तीही हसली आणि खडा परत डब्यात टाकला.

९ डिसेंबर, मंगळवार

सभेचं काही चुकलं असं वाटत नाही. मुद्दे बरोबर होते. तरी काल-परवापासून मनात तेच घोळतंय, आणि दर वेळी तो गुळाचा डबाच का आठवतो कळत नाही.

७ जानेवारी, बुधवार. हॉस्पिटल

मधुमती झोपली आहे. हाताला सलाइन. डॉक्टर म्हणतात धोका टळला. मला लिहायचं नाहीये, पण दुसरं काही सुचत नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

काल अंगारकी. इथल्या बायकांची त्याच दिवशी सकट चौथ, मुलांसाठी करतात तो उपास. त्यांचा माघ, आमचा पौष, चंद्र तोच. अंगारकी म्हणून आमची गच्ची भरली होती. मधुमती पहाटेपासून मोदकांच्या मागे. सकाळची गोळी तिनं नेमानं घेतली होती, पोटात मात्र काही नाही. हे मला काल माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या विभाभाभींची गच्ची आणि आमची, मध्ये कमरेएवढा कठडा. चंद्र वर आला. पिवळा, स्वच्छ, टाकीच्या वर हातभर. धुकं अजिबात नव्हतं. विभाभाभींनी अर्घ्य दिलं, तीळकूट तोंडात घातलं आणि इकडे बघून म्हणाल्या, "मधु भाभी, चाँद तो निकल आया. आप लोग अभी तक बैठे हैं?"

मधुमती खुर्चीत होती, अंगावर शाल. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, घेऊ का उरकून? कसंतरीच होतंय."

हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनघा पण. महिन्यापूर्वी हात वर करून घेतलेला नियम माझ्याच बायकोनं मोडायचा? मी चंद्राकडे बोट केलं आणि म्हणालो, "तो लखनौचा. आपला यायचाय अजून."

सगळे खदखदून हसले. विनोद जमला म्हणून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. तीही हसली. मग ती खुर्चीत एका बाजूला कलली. मला वाटलं हसतेच आहे.

अनघा आधी धावली. मधुमती घामानं चिंब, भर जानेवारीत. "काका, कुठली गोळी घेतात? आज घेतली होती?" मला गोळीचं नाव येईना. डॉक्टर काय म्हणाला होता ते मात्र शब्दन् शब्द आठवलं. अनघानं पंचामृतासाठी काढलेला मध घेतला आणि बोटानं तिच्या हिरड्यांना लावत राहिली. विभाभाभी साडीसकट कठडा ओलांडून आल्या आणि तिचे तळवे चोळायला लागल्या. मी उभा होतो. नुसता उभा.

इथे आणल्यावर तासाभरानं तिनं डोळे उघडले. पहिलं काय विचारलं, तर मोदक कुणी झाकून ठेवलेत का.

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "इतनी देर ख़ाली पेट क्यों थीं?"

ती म्हणाली, "चाँद नहीं दिखा था. कोहरा था."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, धुकं होतं म्हणून.

बेंगळुरूहून संकेतचा फोन आला. आमचा एकुलता एक. "पापा, इतना कोहरा था क्या?" मी म्हटलं, होतं थोडं. मुलाशी या वयात खोटं बोललो, आणि तेही हवामानाबद्दल.

९ जानेवारी, शुक्रवार

घरी आणलं. ग्रुपवर नुसते जोडलेले हात. "काकूंची केवढी निष्ठा." "आजकाल कोण एवढं पाळतं." कुणीतरी तिचा नऊवारीतला जुना फोटो शोधून टाकला. मी वाचतो आणि फोन पालथा ठेवतो.

विभाभाभी मूगडाळीची खिचडी घेऊन आल्या. एरवी दारातूनच "नमस्ते भाईसाहब" म्हणतात. आज माझ्या अंगावरून सरळ आत गेल्या. त्या कठड्यापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलंय. मराठी येत नसलं म्हणून काय झालं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

मेल्याहून मेल्यासारखं झालं आज.

मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम हजरतगंजजवळच्या हॉलमध्ये. तिथे मधुमतीचा सत्कार, शाल आणि नारळ. मला आधी कळवलं नव्हतं, सुबोधचं म्हणणं असं की गंमत करायची होती. तो बोलायला उभा राहिला: जीव कासावीस झाला तरी काकूंनी वेळ मोडली नाही, आपल्या ठरावाचा मान राखला. ठरावाचा. मग म्हणाला, सचिवसाहेबांनी दोन शब्द बोलावेत.

दोन शब्दच हवे होते. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो.

मग तिला माइक दिला. तिनं शाल सावरली आणि म्हणाली, "निष्ठा वगैरे काही नाही हो. चष्मा खाली राहिला होता. मला चंद्र दिसलाच नाही. दिसला असता तर कशाला थांबले असते?" टाळ्या. सगळ्यांना तो विनय वाटला. शेवटच्या रांगेत अनघा बसली होती, हातात तिळाची वडी तशीच धरून.

येताना इथल्या कपूरथला भागातल्या चौकात गाडी अडकली. मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

मी म्हटलं, हा चौक एकदा मोकळा केला पाहिजे, रोजचंच झालंय.

२२ जानेवारी, गुरुवार

उपाय काढला असं वाटलं होतं. ग्रुपवर टाकलं: "ज्येष्ठ व आजारी सभासदांना वैद्यकीय कारणास्तव स्थानिक चंद्रोदयाची सवलत देण्यात येत आहे." सुबोधनं लगेच अंगठा टाकला.

मधुमतीनं चष्मा लावून वाचलं. "सवलत? चंद्र दिसल्यावर जेवायची सवलत?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढी वर्षं वेळ तुम्ही पाहिलीत. भूक आमची होती. तुम्ही साडेसातला जेवून गच्चीवर यायचात, ढेकर देत."

रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती नुसतं सांगत होती, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं. आणि मला इतक्या वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. एकदाही. मिरजेचा धागा, परमुलूख, माझं ते भाषण सगळं आठवलं आणि अंगावर काटा आला. भरल्या पोटानं केलेलं भाषण होतं ते.

३० जानेवारी, शुक्रवार

आज धीर केला. गच्चीवर जे होते त्यांनी ऐकलं होतंच, तरी ग्रुपवर सगळं लिहिलं. त्या दिवशी धुकं नव्हतं, तिनं चंद्र पाहिला होता, कसंतरी होतंय असं मला सांगितलं होतं, मीच थांबवलं. संकेतलाही तेच पाठवलं. पाठवून झाल्यावर दार लावून बसलो, म्हटलं आता पडू देत शिव्या.

शिव्या कुठल्या. "काका, केवढं मोठं मन." "असं कबूल करायला हिंमत लागते." परत जोडलेले हात. सत्कारापेक्षा हे वाईट. संकेतनं वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, पण त्यानं काही लिहिलं नाही. दिवसभर नाही.

अनघानं ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. मला वेगळा मेसेज केला, एका ओळीचा: "काका, हे काकूंना म्हणालात का?"

मधुमतीला नव्हतो म्हणालो. सत्तर लोकांना सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं राहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी

सकाळी वेळ टाकली नाही. ग्रुपवर लिहिलं की ज्यांना चंद्र दिसेल त्यांनी जेवावं. गच्चीवर कुणाला बोलावलं नाही.

आणि मी उपास धरला. जन्मात पहिल्यांदा. मधुमतीला काही बोललो नाही, नाश्त्याची बशी नुसती परत सारली. तिनं पाहिलं आणि बशी झाकून ठेवली. तिनं स्वतः नाश्ता केला, दुपारी जेवली. नवा डॉक्टर, नवी पद्धत: दिवसाचा उपास बंद, फक्त चंद्र बघून एक मोदक. चारच्या सुमाराला माझं डोकं चढलं. सहाला पेपर वाचता येईना. साडेसातला पाय आपोआप टेबलाकडे गेले, तिथून मागे फिरवले.

चंद्र निघाला तेव्हा मी गच्चीवर एकटाच होतो. मधुमती विभाभाभींच्या गच्चीवर होती. दोघींनी अर्घ्य दिलं, विभाभाभींनी तिच्या तोंडात काहीतरी घातलं आणि दोघी कशावर तरी हसल्या. कठड्याच्या या बाजूला मी होतो हे त्यांना दिसत होतं.

मला तेव्हाच जेवता आलं असतं. नाही जेवलो. मुंबईचा चंद्र निघेपर्यंत थांबायचं ठरवलं. चंद्र समोर असताना उपाशी बसणं म्हणजे काय ते मला बघायचं होतं. घड्याळ बघायचं, चंद्र बघायचा, परत घड्याळ. हात गार पडले, तोंडाला कोरड पडली. खालच्या कुठल्यातरी घरातून फोडणीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुकेनं आलं की कशानं ते सांगता येत नाही.

शेवटी वेळेच्या आधीच धीर सुटला आणि खाली आलो. मधुमती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ओट्यावर माझं ताट वाढून झाकलेलं. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"मधुमती, चुकलं माझं," मी म्हटलं. "त्या दिवशी मला चंद्र स्वच्छ दिसत होता."

"माहितीये," ती म्हणाली. "मी चंद्राकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

पुढे काय बोलायचं ते मी गच्चीवर ठरवलं होतं. ते सगळं विसरलो. माझ्या पोटात आग पडली होती आणि समोर ताट होतं.

"घेऊ का जेवून?" मी विचारलं.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"तुमचा यायचाय अजून," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

मी बसून राहिलो. हात टेबलावर ठेवले होते, ते थरथरत होते. तिनं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि मटार सोलत राहिली.